भिडतात, तरी चिकटत का नाहीत?

वाचकांचे प्रश्न : घन पृष्ठभागांचा स्पर्श आणि आसंजन

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे, लिहिणाऱ्यांचे व्यवसाय वेगवेगळे असले तरी, एकाच विषयाकडे वळणारी होती. दोन घन वस्तू एकमेकींना टेकल्या की त्यांच्या पृष्ठभागांमध्ये ओढ निर्माण होते. या ओढीला आसंजन म्हणतात. तिच्यामुळे वस्तूंचा स्पर्श कसा बदलतो, किती बदलतो आणि बहुतेक वेळा ती आपल्याला जाणवत का नाही, हे अनेकांना जाणून घ्यायचे आहे. त्यांतील निवडक प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, येथे एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांना त्याचाच आधार आहे.

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये मोजमापाचे काम पाहतो. दोन स्लिप गेज (अचूक जाडीचे, मोजमापाचे पोलादी ठोकळे) स्वच्छ पुसून, एकमेकींवर दाबून फिरवल्या की त्या इतक्या घट्ट बसतात की वरची उचलली तर खालचीही तिच्याबरोबर येते. याउलट सरफेस ग्राइंडरवर घासलेल्या आणि बोटाला तितक्याच गुळगुळीत लागणाऱ्या दोन प्लेटा कितीही दाबल्या तरी सुट्याच राहतात. आमचे जुने कारागीर सांगतात की स्लिपांमधली हवा निघून गेल्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब त्यांना धरून ठेवतो. हे खरे आहे का? — एक वाचक, सातपूर

उत्तर : हवेच्या दाबाचा वाटा किती असू शकतो, हे आपल्याला टूलरूममध्येच मोजता येईल. लहान मापाच्या स्लिपचा चेहरा साधारण ३० मिलिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर रुंद, म्हणजे २७० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचा असतो. एवढ्या क्षेत्रफळावर वातावरणाचा पूर्ण दाब धरला तरी तो सुमारे २७ न्यूटन, म्हणजे पावणेतीन किलो वजनाइतका भरतो. नीट बसलेल्या स्लिपा यापेक्षा बरेच जास्त वजन पेलतात. शिवाय या प्रश्नाचा निकाल स्लिप गेजचा जन्म होण्यापूर्वीच लागला होता. ब्रिटिश अभियंते व्हिटवर्थ यांच्या पद्धतीने तयार केलेल्या अतिसपाट धातूच्या प्लेटा भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७५ मध्ये निर्वात पात्रात टांगून पाहिल्या, आणि हवा काढून घेतल्यावरही त्या एकमेकींना धरूनच राहिल्या. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी आज आपण वापरता त्या धर्तीच्या गेजचा संच १८९६ च्या सुमारास कल्पिला. तेव्हा कारागिरांचे म्हणणे अगदीच निराधार नसले, तरी हवेचा दाब हे या चिकटण्याचे मुख्य कारण नव्हे.

मुख्य कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे रेणूंमधील व्हॅन डर वाल्स आकर्षण. ते सर्वच पदार्थांमध्ये असते, परंतु त्याचा पल्ला फार आखूड असतो. दोन सपाट पृष्ठांमध्ये १ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतर असेल तर हे आकर्षण ढोबळमानाने ५० वातावरणांच्या दाबाइतके असते. अंतर १० नॅनोमीटर झाले की ते वातावरणाच्या विसाव्या भागावर येते आणि १०० नॅनोमीटरवर, म्हणजे मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागावर, त्याचे अस्तित्व नगण्य होते. अंतर दहापट वाढले की दाब हजारपट घटतो, असे हे गणित आहे.

दुसरे कारण द्रवाच्या पातळ थराचे. बजेट या संशोधकांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की पूर्णपणे कोरड्या आणि तेलाचा अंशही नसलेल्या प्लेटा फारशा धरत नाहीत, पण तेल किंवा पाण्याचा सूक्ष्म अंश राहिला की त्या घट्ट बसतात. आपण स्लिप पुसता त्या कापडातून, बोटांवरून किंवा हवेतील दमटपणातून तो अंश मिळतोच. १० नॅनोमीटर फटीत अडकलेल्या पाण्याच्या थरात केवळ पृष्ठताणामुळे निर्माण होणारी ओढ, थर सलग असेल तर, १४० वातावरणांपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात थर सर्वत्र सलग नसतो, म्हणून एवढे बल मिळत नाही. तरीही जे मिळते ते हवेच्या दाबाला मागे टाकण्यास पुरेसे असते.

आता आपल्या ग्राइंडिंग केलेल्या प्लेटांकडे येऊ. बोटाला गुळगुळीत लागणारा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ असतो. केंब्रिजचे फ्रँक बाउडेन म्हणत असत की दोन घन वस्तू एकमेकींवर ठेवणे म्हणजे स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवण्यासारखे आहे. नाशिककरांनी सातमाळेची रांग उलटी करून त्र्यंबकच्या डोंगरांवर ठेवल्याची कल्पना करावी. शिखरे तेवढी टेकतील आणि बाकी सारे अधांतरी राहील. साध्या पोलादाची कठीणता चौरस मिलिमीटरला सुमारे १५० किलो असते, म्हणून १ किलोची प्लेट दुसऱ्या प्लेटवर ठेवली तर खरा स्पर्श जेमतेम एका चौरस मिलिमीटरच्या दीडशेव्या भागावर होतो, मग प्लेट तळहाताएवढी असो की टेबलाएवढी. उरलेल्या जागेतील फट मायक्रॉनच्या घरात असते आणि तेथे रेणूंची ओढ पोहोचत नाही.

परंतु एवढे सांगून थांबणे मला अपुरे वाटते, कारण यातून लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. रेणूंना एकमेकांजवळ येण्याची एवढी ओढ आहे, तर ते उंचवटे स्वतःच दाबून सपाट का करून घेत नाहीत? याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे आणि माझ्या मते आसंजनाच्या साऱ्या विषयाची किल्ली तेथेच आहे. दोन पृष्ठे चिकटली की चौरस मीटरमागे ठरावीक ऊर्जा मोकळी होते. सामान्य, हवेत वापरल्या जाणाऱ्या पृष्ठांसाठी ती सुमारे ०.०५ ज्यूल धरता येते. मात्र चिकटण्यासाठी उंचवटे दाबावे लागतात, आणि दाबलेला उंचवटा पदार्थात स्थितिस्थापक ऊर्जा साठवून ठेवतो. ही साठवण पदार्थाच्या ताठपणाच्या प्रमाणात, तसेच उंचवट्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि दोन उंचवट्यांमधील अंतर जास्त असेल तर कमी होते. पोलादावर दर १० मायक्रॉन अंतरावर ०.१ मायक्रॉन उंचीचे उंचवटे आहेत असे मानले, तर ते पूर्ण सपाट करण्यासाठी चौरस मीटरमागे शंभराहून अधिक ज्यूल लागतात, आणि चिकटण्यातून मिळतात ०.०५. हा व्यवहार दोन हजारपट तोट्याचा आहे, म्हणून तो होत नाही. तुम्ही व्हाइसमध्ये प्लेटा दाबून हा तोटा स्वतः भरून काढलात, तरी दाब सैल करताच साठलेली ऊर्जा उंचवट्यांना परत वर ढकलते आणि तयार झालेले सांधे तोडून टाकते. त्याच पृष्ठावर पोलादाऐवजी मऊ रबर असेल तर हाच खर्च चौरस मीटरमागे ०.००१ ज्यूल एवढाच येतो आणि रबर चिकटते. आकर्षण दोन्ही ठिकाणी जवळपास सारखेच आहे. फरक आहे तो ताठपणाचा.

स्लिप गेज लॅपिंगने (बारीक घासणद्रव्याने केलेल्या अंतिम घासकामाने) इतक्या सपाट केलेल्या असतात की हा खर्च बराच कमी होतो आणि उरलेली फट द्रवाचा थर भरून काढतो. स्लिपा सुट्या करताना सरळ ओढू नयेत, सरकवून काढाव्यात, ही आपल्याकडची पद्धत योग्यच आहे, कारण सरळ ओढताना सगळ्या क्षेत्रफळावरची ओढ एकाच वेळी तोडावी लागते. बसवलेल्या स्लिपा रात्रभर तशाच ठेवू नयेत हा नियमही पाळावा. थर कालांतराने आणखी पातळ होतो, त्यातच गंज धरला तर चेहऱ्यावर ओरखडे न पडता त्या सोडवणे अवघड होते.

प्रश्न : आम्ही अंबड येथे वाइनच्या टाक्यांसाठी स्टेनलेस स्टीलचे फिटिंग करतो. ३०४ ग्रेडचा नट ३०४ च्याच बोल्टवर मशीनने कसताना अर्ध्यावर असा जाम होतो की पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. शेवटी बोल्ट कापावा लागतो. साध्या लोखंडी बोल्टला असे क्वचितच होते. स्टेनलेस तर जास्त स्वच्छ आणि चकचकीत असते, मग तेच का चिकटते? — एक वाचक, अंबड

उत्तर : जाम होण्याचे कारण त्या स्वच्छतेतच आहे. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. तो गंजापासून संरक्षण देतो, आणि दोन धातूंना प्रत्यक्ष भिडू न देण्याचे कामही तोच करतो. मशीनने वेगाने कसताना आट्यांवरचा दाब आणि घर्षण यांमुळे हा थर जागोजागी खरवडला जातो, आणि घट्ट बसलेल्या आट्यांमध्ये हवा पोहोचत नसल्याने तो लगेच पुन्हा तयार होत नाही. मग उघडा धातू उघड्या धातूला लागतो. मागील उत्तरात चौरस मीटरमागे ०.०५ ज्यूल धरले होते. उघड्या, निर्मळ धातूंच्या बाबतीत ही ऊर्जा एक-दोन ज्यूलांपर्यंत जाते. त्यातच ३०४ हा ग्रेड ताणला जाणारा आणि घासला की कठीण होत जाणारा आहे. स्पर्शाच्या जागी तो उंचवटा होऊन परत उसळत नाही, तर पसरतो, आणि पसरलेला धातू सोडताना परतीचे बल कमी पडते. एक कण वेल्ड झाला की तो पुढच्या आट्याला ओरबाडतो, त्यातून आणखी उघडा धातू बाहेर येतो, आणि काही फेऱ्यांतच नट कायमचा बसतो. कारखान्यात याला गॉलिंग म्हणतात.

उपाय साधे आहेत. आटे स्वच्छ ठेवावेत, नट हाताने सुरू करून कमी वेगाने कसावा, अँटी-सीझ पेस्ट लावावी (खाद्यपदार्थाच्या टाकीसाठी त्या उपयोगास मान्य असलेलीच), आणि शक्य असेल तेथे नट व बोल्ट वेगळ्या ग्रेडचे किंवा वेगळ्या कठीणतेचे घ्यावेत.

हा त्रास आपल्यालाच होतो असे नाही. १९८९ मध्ये सोडलेल्या गॅलिलिओ या अंतराळयानाचा मोठा अँटेना १९९१ मध्ये उघडताना अडकला. काही फासळ्यांच्या खिळांवरचे कोरडे वंगण प्रवासात आणि हाताळणीत घासून गेल्याने त्या आपल्या खोबणीत अडकून बसल्या, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. निर्वात अवकाशात खरवडलेला ऑक्साइड पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे तेथे ही अडचण पृथ्वीपेक्षा अधिक असते. त्या यानाने गुरू ग्रहाची माहिती अखेर लहान अँटेनावरून, फार मंद गतीने पाठवली.

प्रश्न : माझे वडील रेल्वेत होते. कसारा ते इगतपुरी घाटात मालगाडीला मागून जोड इंजिने लावावी लागतात आणि चाक घसरू लागले की रुळावर वाळू सोडतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. चाकाखाली एवढा प्रचंड दाब असताना ते रुळाला चिकटत का नाही? चिकटले असते तर वाळूची गरजच पडली नसती. — एक वाचक, इगतपुरी

उत्तर : दाब खरोखरच प्रचंड असतो. एका चाकावर १० टन भार धरला, तर तो अंगठ्याच्या नखाएवढ्या, सुमारे १ चौरस सेंटिमीटर जागेतून रुळावर उतरतो. म्हणजे दाब १ अब्ज पास्कलच्या आसपास, दहा हजार वातावरणांइतका होतो. तरीही चाक चिकटत नाही याची कारणे वर आली आहेत. चाक व रूळ दोघांवर ऑक्साइड, ओलावा, तेल आणि धूळ यांचा थर असतो. आणि चाक पुढे सरकताच मागच्या कडेचा दाब सुटतो व पोलादाचे उंचवटे उसळून सांधे तोडतात.

हे उसळणे किती निर्णायक आहे, ते इंडियम या अतिशय मऊ धातूवरील प्रयोगांतून दिसते. मॅकफार्लेन आणि टेबर यांनी १९५० मध्ये पोलादाची स्वच्छ गोळी इंडियमवर दाबली, तेव्हा ती काढताना जवळपास दाबलेल्या बलाइतकेच बल लावावे लागले. इंडियम उसळत नाही, म्हणून त्याचे सांधे टिकतात. तीच गोळी पोलादावर दाबली तर काहीच ओढ जाणवत नाही.

घाटातील प्रश्न मात्र चाक वर उचलण्याचा नसून पुढे न घसरण्याचा आहे. ३७ फुटांना १ फूट चढावर गाडी ओढताना लागणारे घर्षणबल त्याच लहान सांध्यांच्या कातरण्यातून येते. ओल्या पानांचा लगदा किंवा तेलकट थर मध्ये आला की सांधे धातूऐवजी त्या थरातून तुटतात आणि चाक फिरते. वाळूचे कण चुरडले जाऊन तो थर फोडतात आणि चाक व रूळ यांमध्ये अडकून पकड देतात. जोड इंजिने लावल्यामुळे हे घर्षण देणारी चाके संख्येने वाढतात.

प्रश्न : मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. आम्हाला हर्ट्झ यांचा स्पर्शाचा सिद्धांत शिकवला जातो. त्यात आसंजन नाही. वाचनात गोल गोळी सपाट पृष्ठावरून ओढून काढण्याच्या बलाची दोन सूत्रे आढळली : एकात गोळीची त्रिज्या आणि आसंजन-ऊर्जा यांच्या गुणाकाराची π च्या दीडपट, तर दुसऱ्यात दुप्पट. दोन्हींत पदार्थाचा ताठपणा येतच नाही. कोणते सूत्र बरोबर? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, परंतु वेगवेगळ्या गोळ्यांसाठी. हा वाद विज्ञानाच्या इतिहासातही बराच रंगला होता.

हाइनरिख हर्ट्झ यांनी बर्लिनमध्ये १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आपला सिद्धांत मांडला. काचेची भिंगे एकमेकांवर दाबल्यावर दिसणारी प्रकाशाची वलये हे त्याचे निमित्त होते, आणि लेख १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी धरले की स्पर्शाच्या आत फक्त दाब असतो आणि बाहेर कोणतेही बल नसते. काच आणि पोलाद यांसाठी हे गृहीतक इतके चांगले चालते की बेअरिंग व गिअर यांची रचना आजही त्यावरच होते.

मऊ गोळ्यांसाठी ते अपुरे पडते. १ सेंटिमीटर त्रिज्येची मऊ, अतिशय गुळगुळीत रबरी गोळी काचेवर ठेवली आणि तिचे वजन चार ग्रॅमच्या आसपास धरले, तर हर्ट्झच्या सूत्राने स्पर्शवर्तुळाची त्रिज्या सुमारे ०.६ मिलिमीटर येते. आसंजन जमेस धरले तर ती ०.७ च्या वर जाते. वजन काढून टाकले तर हर्ट्झच्या मते स्पर्श एका बिंदूपुरता उरला पाहिजे, पण प्रत्यक्षात जवळपास ०.४ मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ शिल्लक राहते, आणि ते भिंगातून स्पष्ट दिसते. केंब्रिजच्या परिसरात जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांनी रबर आणि जिलेटिनच्या गोळ्यांवर हेच मोजले आणि १९७१ मध्ये दीडपटीचे सूत्र दिले.

यातील एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जॉन्सन यांनी १९५८ मध्येच या प्रश्नाला हात घातला होता. स्पर्शाच्या कडेशी गणिताने अनंत ताण येतो हे त्यांना दिसले, आणि असा ताण कोणताही सांधा सहन करणार नाही, म्हणून चिकटणे टिकूच शकत नाही, असा अर्थ त्यांनी तेव्हा लावला. तेरा वर्षांनी तोच ताण वेगळ्या नजरेने पाहिला गेला. स्पर्शाची कड ही एक भेग आहे असे मानले, तर ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेच्या तुटण्याबद्दल मांडलेला ऊर्जेचा हिशेब येथे जसाच्या तसा लागू होतो. कडेवरचा ताण अनंत असला तरी भेग पुढे सरकण्यासाठी लागणारी ऊर्जा मर्यादितच असते. ओढत गेले की स्पर्शवर्तुळ आकसते आणि वजन नसतानाच्या त्रिज्येच्या ०.६३ पट झाले की समतोल बिघडून गोळी एकदम सुटते. ताठपणा सूत्रातून का गायब होतो हेही यातून कळते. मऊ गोळीचे स्पर्शवर्तुळ मोठे असते, पण ती विकृत होऊन अधिक ऊर्जा साठवते व तीच ऊर्जा भेग उघडायला मदत करते. गोल आकारात हे दोन परिणाम तंतोतंत एकमेकांना रद्द करतात. सपाट टोकाच्या दंडगोलासाठी तसे होत नाही, आणि तेथे ताठपणा सूत्रात येतो.

दुसरे सूत्र डेरयागिन, म्युलर आणि टोपोरोव्ह यांचे, १९७५ चे. त्यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. गोळीचा आकार हर्ट्झने सांगितल्याप्रमाणेच राहतो आणि आकर्षण स्पर्शाच्या बाहेरच्या अरुंद फटीतून काम करते, असे त्यांनी मानले. पूर्णपणे ताठ गोळ्यांसाठी ब्रॅडली यांनी १९३२ मध्ये काढलेले दुप्पटीचे उत्तरच त्यांना मिळाले. काही वर्षे दोन्ही गट परस्परांच्या सूत्राला चूक ठरवत होते. टेबर यांनी १९७७ मध्ये दाखवले की निर्णय एकाच परिमाणरहित संख्येवर अवलंबून आहे : आसंजनामुळे कडेला ओढली जाणारी मान (पदार्थाचा ताणलेला भाग) किती उंच आहे आणि रेणूंच्या आकर्षणाचा पल्ला किती आहे, यांचे गुणोत्तर. ही संख्या ५ च्या वर असेल तर दीडपट, ०.१ च्या खाली असेल तर दुप्पट. वरच्या रबरी गोळीसाठी ती हजारोंच्या घरात येते. अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या (पृष्ठभाग अतिसूक्ष्म टोकाने चाचपणाऱ्या उपकरणाच्या) २० नॅनोमीटर त्रिज्येच्या ताठ टोकासाठी ती ०.०७ च्या आसपास. मधल्या पट्ट्यासाठी मोजिस यांनी १९९२ मध्ये दोन्ही टोकांना जोडणारे सूत्र दिले. आपल्या प्रकल्पात कोणते सूत्र घ्यायचे हे ठरवण्याआधी ही संख्या काढून पाहावी, एवढे पुरेसे आहे.

मात्र ही सारी सूत्रे गुळगुळीत गोळ्यांची आहेत. फुलर आणि टेबर यांनी १९७५ मध्ये रबराच्या गोळ्या मुद्दाम खडबडीत केलेल्या पृष्ठांवर ठेवून पाहिल्या, तेव्हा मायक्रॉनभर खडबडीतपणाही चिकटणे जवळजवळ नाहीसे करण्यास पुरला. पहिल्या उत्तरातील हिशेब रबरासाठी १ मायक्रॉन उंचवटे धरून करून पाहा. खर्च चौरस मीटरमागे ०.१ ज्यूल येतो, मिळकतीच्या दुप्पट.

प्रश्न : दिंडोरीजवळ आमचा वाळवलेल्या कांद्याची पावडर करण्याचा छोटा उद्योग आहे. जाडसर दळलेला कांदा मोकळा राहतो, पण बारीक पावडरीचे, विशेषतः पावसाळ्यात, गोळे होतात. — एक वाचक, दिंडोरी

उत्तर : कणाचे वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, चिकटण्याचे बल मात्र फक्त त्रिज्येच्या प्रमाणात, म्हणून कण जितका बारीक तितके चिकटणे वरचढ. पण वरच्या सूत्राने हिशेब केला तर १ मिलिमीटर त्रिज्येचा काचेचा मणीसुद्धा छताला टांगून राहायला हवा, कारण चिकटण्याचे बल त्याच्या वजनाच्या दुप्पट निघते. तो राहत नाही, कारण स्पर्श मण्याच्या त्रिज्येने न होता त्याच्यावरच्या सूक्ष्म उंचवट्याच्या त्रिज्येने होतो. उंचवट्याची त्रिज्या ०.१ मायक्रॉन धरली तर वजन आणि चिकटणे यांची बरोबरी मण्याच्या ६० मायक्रॉन त्रिज्येपाशी होते. पावडरीच्या धंद्यात सुमारे १०० मायक्रॉन व्यासाखाली पावडर वाहत नाही असा जो अनुभव आहे, तो याच्याशी चांगला जुळतो.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यातील शर्करा हवेतील ओलावा शोषते, कण मऊ होतात, मऊ कणांचा स्पर्श पसरतो, आणि त्यात पाण्याचे पूलही तयार होतात. म्हणून दळण कोरड्या हवेत करून लगेच बंदिस्त पॅक करणे हा पहिला उपाय. खाद्योपयोगी सिलिकासारखे गोळे-रोधक द्रव्य मान्य प्रमाणात मिसळतात, तेही ओलावा शोषण्यापुरते नसते; त्याचे अतिसूक्ष्म कण कांद्याच्या कणांवर बसून कृत्रिम उंचवट्यांचे काम करतात आणि स्पर्शाची त्रिज्या घटवतात.

प्रश्न : पाल छतावरून उलटी कशी चालते? तिच्या पायांना गोंद असतो का? आणि असेल तर ती अडकून का बसत नाही? — इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : गोंद नसतो. सर्वांत जास्त अभ्यास झालेल्या टोके गेको या मोठ्या पालीच्या एका पायावर जवळपास पाच लाख केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे फुटून त्यांची टोके ०.२ मायक्रॉन रुंदीच्या चपट्या पात्यांमध्ये संपतात. ही पाती भिंतीच्या इतक्या जवळ जातात की वर सांगितलेले व्हॅन डर वाल्स आकर्षण पुरेसे होते. २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एकेका केसाचे बल मोजले. घसरवण्याच्या दिशेने ते सुमारे २०० मायक्रोन्यूटन भरले.

केस केराटिन या ताठ पदार्थाचे, म्हणजे आपल्या नखांच्या जातीतले असतात, आणि ताठ पदार्थ खडबडीत भिंतीला चिकटत नाही हे वर आपण पाहिले. पण बारीक, तिरक्या केसांचा समूह वाकतो, आणि सगळा मिळून तो सुमारे १ लाख पास्कल ताठपणाच्या मऊ पदार्थासारखा वागतो. चिकटपट्टी बनवणारे डालक्विस्ट यांनी चिकट पदार्थाचा ताठपणा याच मर्यादेच्या आसपास किंवा खाली असला पाहिजे असा निकष अनुभवावरून सांगितला होता. पालीचा पाय त्या मर्यादेत कोरड्या, ताठ पदार्थातूनच उतरतो.

ती अडकत नाही, कारण ओढ केसाच्या कोनावर अवलंबून असते. केस भिंतीशी तिरका असताना तो धरतो. कोन ३० अंशांच्या वर गेला की कड भेगेसारखी उघडते आणि केस सुटतो. पाल पाऊल उचलताना बोटे टोकाकडून मागे वळवते, म्हणजे केस एकदम न ओढता रांगेने सुटत जातात, आणि प्रत्येक क्षणी तिला थोड्याच केसांची ओढ तोडावी लागते.